तिसऱ्या खिळ्यावरचा जनरल

"हार काढला की झालं," भाऊराव म्हणाले. "फोटो काय कुणाला चावतोय?"

"मला चावतोय," शकु म्हणाली. "हारासकट काढा."

"आईनं लावलाय तो."

"आईंनी लावला तेव्हा आईंना काही माहीत नव्हतं. तुम्हाला होतं."

भाऊराव स्टुलावर उभे होते. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. वर कुणी चढलं की शकुने येऊन ते धरायचं, अशी त्या घरातली पद्धत आहे. आज ती मेथी निवडत बसली होती आणि उठायचं लक्षण नव्हतं. भाऊरावांनी एक हात भिंतीला टेकवून ठेवला होता.

थोरला विकी जमिनीवर बसून चहात पाव बुडवत होता आणि मोबाईलवरून वाचून दाखवत होता. भांडण त्यानेच लावलं होतं. आता ते लागल्यावर त्याचं लक्ष पावाकडे जास्त होतं.

"बाजाराचा दिवस होता म्हणे. पुलाकडून गोळीबार सुरू झाला. मेले ते सगळे साधे लोक, भाजीवाल्या बाया वगैरे. ऑर्डर जनरल तोबियासची. केस पण झाली होती त्याच्यावर. पुढे बंद केली."

"नेटवर काय, कुणीही काहीही लिहितं."

"पप्पा, मघाशी तुम्हीच म्हणालात ना, हे मला तिथंच कळलं होतं म्हणून."

मघाशी भाऊराव तसं बोलून गेले होते खरं, आणि शकुने ते ऐकलं होतं.

धाकटी रश्मी ड्युटीचा कोट हातावर टाकून दारात उभी होती. "मला एवढंच सांगा, रविवारी त्यांना आणायचं की नाही? दुपारी डिस्चार्ज आहे. ते रोज विचारतात, तुझ्या आईनं काय बेत केलाय."

"बेत," शकु म्हणाली, आणि मेथीची जुडी झटकली.

भाऊराव तायडे घाटकोपर पूर्वेला, हायवेच्या कडेच्या वस्तीत राहतात. मूळचे लोणारकडचे. एकोणिसाव्या वर्षी फौजेत भरती झाले, हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि आता विक्रोळीच्या एका काचेच्या इमारतीत सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. वस्तीत त्यांना सगळे सुभेदार म्हणतात. ते दर वेळी "हवालदार" असं दुरुस्त करतात, आणि समोरचा "हो सुभेदार" म्हणतो. सकाळी उठल्यावर ते आपल्या अंथरुणाची घडी बराकीत घालतात तशी घालतात. घर दोन खोल्यांचं आहे आणि एवढी सरळ वस्तू त्यात दुसरी नाही.

फौजेतली नोकरी त्यांनी इतर हजारोंनी केली तशीच केली. थंडीत उभे राहिले, उन्हात उभे राहिले. सांगण्यासारखं एकच वर्ष झालं. शांतिसेनेत त्यांची तुकडी परदेशी गेली ते वर्ष. त्या देशाचं नाव घरात प्रत्येकजण वेगळं म्हणतो, म्हणून शेवटी सगळे 'तो देश' म्हणायला लागले. तिथे यादवी चालू होती. यादवी म्हणजे काय, ते भाऊराव वस्तीतल्या लोकांना असं समजावून सांगत: "बाहेरचा शत्रू कुणी नाही. एकाच नळावर पाणी भरणारी माणसं. आणि दोन्हीकडे बंदुका." वस्तीत हे लगेच समजे.

जनरल तोबियास या यादवीतला. शिपायाचं रक्त वगैरे काही नाही, शाळेत गणित शिकवणारा मास्तर. सरकारी फौजेने शाळा जाळली, तेव्हा तो वरच्या वर्गातली पोरं घेऊन जंगलात गेला. तिथून दोन वर्षांत त्याच्यामागे अर्धा देश उभा राहिला. भाऊराव हे सांगताना नेहमी इथे थोडं थांबत. तिथून परतल्यावरच्या सुट्टीत, अगदी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हाच्या त्या थांबण्यात शकुने विचारलं होतं, "पोरांच्या आयांना विचारलं होतं का?" त्यानंतर त्यांनी थांबण्याची जागा बदलली.

त्याची सगळ्यात मोठी लढाई मिठाची. नदीकाठच्या शहरात सरकारी फौज तळ ठोकून बसली होती. तटबंदी मजबूत, दारूगोळा भरपूर. तोबियासने हल्ला केलाच नाही. धान्य जाऊ दिलं, पाणी जाऊ दिलं, फक्त मीठ अडवलं. गणिताचा मास्तर, त्याने हिशेब केला होता की माणूस उपाशी असला की चिडून लढतो, पण अळणी खाऊन खाऊन त्याचा जीव विटतो, हातपाय गळतात. पावसाळा संपता संपता फौज हात वर करून बाहेर आली. एक गोळी नाही. भाऊराव ही गोष्ट जेवताना सांगत, मिठाची बरणी ताटाच्या मधोमध ठेवून. पोरं लहान असताना बरणी म्हणजे शहर आणि चमचे म्हणजे तोबियासची माणसं असत.

"आत बायका-पोरं पण असतील," शकु म्हणाली होती. "त्यांनीही अळणीच खाल्लं असेल."

"लढाईत तसं बघता येत नाही."

"ती बरणी इकडे द्या. वरणाला मीठ कमी आहे."

पुढे तह झाला. तह होऊन कागदावर सह्या होईपर्यंत तोबियासला एका शाळेच्या इमारतीत ठेवलं आणि त्याच्या राखणीवर भारतीय तुकडी लावली. राखण दोन्ही बाजूंनी. त्याने पळून जायचं नाही, आणि त्याला कुणी मारायचं नाही. दारावर भाऊराव होते. संध्याकाळी तो खुर्ची व्हरांड्यात ओढून बसे आणि या मराठी शिपायाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोले. घरी कोण आहे, शेत आहे का. शेत नाही, आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते, असं भाऊरावांनी सांगितलं. मग त्याने आईचं नाव विचारलं. शांताबाई. ते त्याने दोनतीनदा म्हणून बघितलं, जिभेला बसेपर्यंत. नंतर टपाल आलं की पहिलं विचारायचा, शांताबाई बऱ्या आहेत ना? गुडघा कसा आहे?

भाऊरावांनी तोवर नऊ साहेबांच्या हाताखाली काम केलं होतं. त्यातल्या एकानेही त्यांच्या आईचं नाव विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं. पण हा विचारायचा.

सह्यांच्या दिवशी फोटो निघाला. तोबियासने दुभाष्याचा निळा सूट उसना घेतला होता, डोळ्यांवर चष्मा होता, आणि मोकळ्या हातांचं काय करावं ते कळेना म्हणून बाजूला पडलेलं एक जाड पुस्तक त्याने छातीशी धरलं. ते जनरेटरच्या दुरुस्तीचं पुस्तक होतं. शेजारी भाऊराव, निळ्या टोपीत, ताठ.

फोटो गावी शांताबाईंना गेला. सुट्टीत भाऊराव घरी आले तेव्हा तो भिंतीवर होता, तथागत आणि बाबासाहेब यांच्या ओळीत, चार बोटं खाली, आणि त्याला चंदनाचा हार.

"आई, हा कोण आहे माहीत आहे का तुला?"

"मोठे साहेब असतीन कोनी तरी. निळा कोट हाये, चष्मा हाये, हातात पुस्तक हाये. मंग आपलाच मानूस."

"आणि हार कशाला? जिवंत आहे तो."

"दोघाइले हार अन् ह्या एकट्याले नाही, बरं दिसते का?"

भाऊरावांनी पुस्तकाचं काही सांगितलं नाही. आई थकल्यावर घाटकोपरला राहायला आली तेव्हा ट्रंकेत दोन लुगडी आणि हे तिन्ही फोटो होते. तिने मुलाला तिसरा खिळा ठोकायला लावला. रोज संध्याकाळी वंदना झाली की ती तिघांनाही हात जोडी. शकु दोघांना जोडी. सासूसुनेत यावरून शब्द कधी झाला नाही. एकमेकींकडे बघून घेणं मात्र रोज होई.

तिकडे तोबियास मंत्री झाला, मग विरोधात गेला, मग पुन्हा मंत्री. नदीवरच्या पुलाला त्याचं नाव दिलं, दुसरं सरकार आलं तेव्हा पुसलं, तिसरं आलं तेव्हा पुन्हा दिलं. त्याच्या वाढदिवसाला अर्धा देश केक कापतो आणि अर्धा दुकानं बंद ठेवतो, असं विकीने मोबाईलवर वाचून सांगितलं होतं. भाऊराव म्हणाले होते, मोठ्या माणसाचं असंच असतं.

दोन वर्षांपूर्वी शांताबाई गेल्या. त्यांचा फोटो मोठा करून चौकटीत बसवून आणला, पण लावायला जागा निघेना. समोरच्या भिंतीवर तीन खिळे, तिन्ही भरलेले. डावीकडे कपाट, उजवीकडे टीव्ही, आणि मोरीच्या भिंतीला ओल. ओलीने फोटो खराब होईल म्हणून शांताबाई प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटावर राहिल्या. भाऊराव म्हणाले, बघू, काहीतरी करू. शकु म्हणाली, करा.

आणि गेल्या आठवड्यात रश्मीने घरी येऊन सांगितलं की जनरल तोबियास मुलुंडला आहेत. ती तिथल्या एका खासगी हॉस्पिटलात परदेशी पेशंटच्या काउंटरवर काम करते. हृदयाच्या ऑपरेशनसाठी तिकडून बरेच लोक येतात. कागदावरचं नाव तिने लहानपणापासून जेवताना ऐकलेलं होतं.

भाऊराव दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले, ब्लेझर घालून, छातीवर पदकं लावून. तोबियास आता सत्तरीच्या पुढचा, हात बारीक झालेले, नाकात नळी. त्याने आधी ओळखलं नाही. भाऊरावांनी शाळेचा व्हरांडा सांगितला, खुर्ची सांगितली. मग तो बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "शांताबाई. गुडघा."

भाऊराव हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रडले. रश्मीने घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा भाऊराव म्हणाले की एसीचा त्रास झाला. त्याच दिवशी त्यांनी जनरलला जेवायला बोलावलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी व्हरांड्यात कबूल केलं होतं म्हणे, कधी मुंबईला आलात तर माझ्या घरी जेवायचं.

हे सगळं ठीक होतं. मग आज सकाळी विकीने बाजाराचं वाचलं.

शकु याच वस्तीतली. बापाचं घर दोन गल्ल्या सोडून. सत्त्याण्णवच्या जुलैत वस्तीबाहेर हायवेवर पोलिसांनी लोकांवर गोळीबार केला त्या सकाळी ती तिथे होती, कडेवर विकी होता. भाऊराव तेव्हा सरहद्दीवर. तिने काय पाहिलं ते तिने कुणाला सांगितलेलं नाही, आणि वस्तीत कुणी कुणाला विचारतही नाही. भाऊराव सुट्टीवर आले तेव्हा तिने त्यांना एकच विचारलं होतं.

"गोळी घाला, असं कोण सांगतं?"

"आदेश असतो."

"तो कोण देतं?"

"वरून येतो."

तिला हे उत्तर पुरलं नव्हतं, पण घरात तेव्हा दुसरं कुणी विचारण्यासारखं नव्हतं.

"लढाईत चुका होतात, शकु," भाऊराव स्टुलावरून म्हणाले. "आदेश देणाऱ्याला समोरचं सगळं दिसत नाही."

शकुने मेथी टोपलीत टाकली आणि हात झटकले. "रश्मी, तुझ्या त्या पेशंटला काय चालतं खायला?"

"मऊ. तिखट नाही, तेल नाही. मीठ तर बिलकुल नाही, डॉक्टरांनी बंद केलंय."

"उद्या मी डबा घेऊन येते."

"रविवारी इथेच येणार आहेत ना ते," भाऊराव म्हणाले.

"रविवारचं मी उद्या सांगते. तुम्ही उतरा खाली, पडाल."

शनिवारी शकुने मुगाची खिचडी आणि दुधी शिजवला, दोन्ही बिनमिठाचं, आणि चांगली साडी नेसून मुलुंडला गेली. बाहेरचं जेवण वर न्यायला बंदी होती. रश्मीने कुणाला तरी सांगितलं आणि डबा वर गेला.

खोली थंड होती. खिडकीतून डोंगर दिसत होता. तोबियास उशीला टेकून बसला होता. रश्मीने ओळख करून दिल्यावर त्याने दोन्ही हात जोडले, हे त्याला बहुतेक भाऊरावांनी शिकवलं असावं. शकु म्हणाली, "जय भीम." तोही म्हणाला, जरा वेगळं, पण म्हणाला. तिने डबा उघडला, ताटलीत वाढलं, चमचा दिला. त्याने एक घास खाल्ला आणि रश्मीकडे बघून काहीतरी बोलला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, फार छान आहे, पण मीठ विसरलात का."

"सांग त्यांना, मीठ डॉक्टरांनी अडवलंय."

रश्मीने सांगितलं. तोबियास हसला. त्याला आपली लढाई आठवली की नाही ते कळलं नाही. त्याने निमूटपणे सगळी खिचडी खाल्ली, दुधी खाल्ला, ताटली पुसून घेतली. चांगला जेवणारा माणूस होता. मग त्याने शकुला भाऊरावांच्या नोकरीचं विचारलं, विकीचं लग्न ठरलं का विचारलं, घरात पाणी किती वेळ येतं ते विचारलं. शकुने सगळ्याची उत्तरं दिली. माणूस वाईट बोलत नव्हता. ऐकूनही घेत होता. भाऊरावांना तो का आवडला असेल ते तिला समजलं, आणि समजल्याचं तिला बरं वाटलं नाही.

डबा बंद करून तिने मांडीवर ठेवला.

"आता मी सांगते ते नीट विचार," ती रश्मीला म्हणाली. "त्या बाजारात गोळी घाला असं तुम्ही का सांगितलंत?"

"मम्मी, पेशंट आहेत ते."

"मी भांडत नाहीये. विचारतेय. मला तीस वर्षं झाली विचारायचं आहे, असा माणूस आज पहिल्यांदा भेटला."

रश्मीने दाराकडे बघितलं, मग हळू आवाजात विचारलं. तोबियासने प्रश्न नीट ऐकला, मान थोडी तिरकी करून. तो रागावला नाही की दचकला नाही. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, आठवायचा खरोखर प्रयत्न केला, आणि दोन शब्द बोलला.

"काय म्हणाले?"

"विचारतायत, कुठला बाजार."

शकुने त्याच्याकडे बघितलं. तो उत्तराची वाट बघत होता. बाजाराचं नाव कळलं तर सांगू शकेन, असा चेहरा. एखाद्या मास्तरला पोराने कुठल्यातरी उदाहरणाबद्दल विचारावं आणि त्याने पान नंबर विचारावा, तसा. शकुला त्या बाजाराचं नाव माहीत नव्हतं. विकीने वाचलं होतं, पण ते तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली. "सांग त्यांना, औषधं वेळेवर घ्या."

ती घरी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. भाऊराव तयारीला लागले होते. शेजारून दोन खुर्च्या आणल्या होत्या, चादर बदलली होती, आणि फोटोचा हार काढून टीव्हीवर ठेवला होता. हार नसलेला तोबियास एकदम साधा दिसत होता, उसन्या कोटातला माणूस. विकी कामावरून येऊन पाय धूत होता.

"काय म्हणाले साहेब?" भाऊरावांनी विचारलं. "आईचं काढलं असेल ना?"

"काढलं. गुडघ्यापासून सगळं लक्षात आहे त्यांना."

"मी म्हटलं नव्हतं?"

"मी बाजाराचं विचारलं."

भाऊराव खुर्चीवर बसले, पाहुण्यासाठी आणलेल्या.

"मग?"

"कुठला बाजार, म्हणाले."

मोरीतलं पाणी बंद झालं. विकी दारात येऊन उभा राहिला, पाय तसेच ओले.

"वय झालंय," भाऊराव म्हणाले. "आठवत नसेल."

"शांताबाई आठवतात."

"तो आईचं नाव लक्षात ठेवतो, शकु. एवढ्या वर्षांनी. एवढा मोठा माणूस."

"ठेवतो ना. मी कुठे नाही म्हणतेय? चांगलं आहे ते. म्हणून तर विचारलं."

भाऊरावांनी भिंतीकडे बघितलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. लढाईबद्दल, आदेशाबद्दल, वरून येण्याबद्दल. पण हे सगळं त्यांचं एकदा म्हणून झालं होतं, सत्त्याण्णव साली, याच खोलीत.

"लोकांना सांगितलंय मी," ते म्हणाले. "खुर्च्या आणल्यात."

"खुर्च्या परत जातात."

शकुने साडीचा पदर खोचला, रिकामा डबा मोरीत ठेवला आणि कपाटावरून प्लॅस्टिकची पिशवी खाली काढली. तिच्यावर धूळ होती. ती तिने ओल्या फडक्याने पुसली.

"ऐका सगळ्यांनी," ती म्हणाली. "तो आजारी आहे, एकटा आहे, तोवर त्याचा डबा जाईल. इथून जाईल, रोज, बिनमिठाचा. डिस्चार्जनंतर गेस्ट हाऊसला गेला तरी जाईल. तुम्हाला त्याला भेटायला जायचं तर जा, मी अडवणार नाही. या घरात तो जेवायला बसणार नाही. रश्मीला फोन करून कळव, विकी. आणि त्या खिळ्यावर आता आई लागतील. हार तोच घाला, मापाचा आहे. चढा तुम्ही, मी स्टूल धरते."